‘माळढोक’ची ‘टिटवी’ : महानौकेच्या कामकरी यानाचा आराखडा कुठून सुरू करावा?

माळरान

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरातले काही मित्र मिळून मराठीत एक दीर्घ विज्ञानकथामाला लिहीत आहोत. तिच्यातल्या महानौकेचे नाव ‘माळढोक’ आहे. नान्नजच्या माळावर हा जडशीळ, देखणा आणि आता दुर्मीळ झालेला पक्षी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना नावामागचे कारण सांगायला नको. ही नौका ४०० मीटर लांब आहे आणि ती कोणत्याही ग्रहावर उतरत नाही. माणसे, सुटे भाग, पाणी, आजारी खलाशी, तुटलेली अँटेना अशी सारी ने-आण तिची छोटी याने करतात. या यानांना आम्ही ‘टिटवी’ म्हणतो. हा धागा केवळ टिटवीविषयी आहे.

अंतराळकथांत अशा यानाच्या वाट्याला सहसा उपेक्षाच येते. महानौकेच्या इंजिनावर लेखक पानेच्या पाने खर्च करतात, पण रोज राबणाऱ्या यानात माणूस शिरतो कसा आणि माल ठेवतो कुठे, हे त्यांनी ठरवलेलेच नसते. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतले ‘गॅलिलिओ’ हे या जातीचे सर्वांत प्रसिद्ध यान. मालिका १९६६ साली सुरू झाली आणि जानेवारी १९६७ मध्ये या यानाला स्वतःचा असा भाग मिळाला. त्याचे चित्रीकरणासाठी बांधलेले बाह्यरूप सुमारे ७ मीटर लांबीचे होते, तर आतले दृश्य वेगळ्या, अधिक उंच सेटवर घेतले गेले. परिणामी पडद्यावर माणसे ज्या केबिनमध्ये ताठ उभी राहतात, ती केबिन त्या बाह्यरूपात मावतच नाही. त्या यानावर माझे मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच आमच्या टिटवीत अशी विसंगती राहू नये असे मला वाटते.

माझे म्हणणे असे आहे की कामकरी यानाचा आराखडा दारापासून सुरू करावा. इंजिन, खिडक्या, आसने हे सारे नंतर. दारातून जे जाऊ शकत नाही, ते यान वाहू शकत नाही. याचा सर्वांत चांगला दाखला अपोलोच्या लूनार मॉड्यूलमध्ये आहे. चंद्रावर उतरण्यासाठीचे त्याचे पुढचे दार आरंभीच्या आराखड्यात गोल होते. पुढे लक्षात आले की पाठीवर प्राणवायूची पेटी बांधलेला अंतराळवीर त्या गोल भोकातून नीट बाहेर पडू शकत नाही, कारण पेटीचे कोपरे अडकतात. मग ते दार चौकोनी झाले, साधारण ८० सेंटिमीटर बाजूचे. त्याच यानातून वजन वाचवण्यासाठी आसने काढून टाकली गेली आणि दोघे वीर उभ्यानेच यान चालवू लागले. उभा माणूस काचेच्या जवळ येतो, त्यामुळे मोठ्या खिडक्यांऐवजी लहान त्रिकोणी खिडक्या पुरल्या.

टिटवीचे प्राथमिक आकडे असे आहेत : लांबी ११ मीटर, रुंदी ४ मीटर, रिकामे वजन ९ टन, माल ५ टन, इंधन ३ टन, चालक दोन. मागच्या बाजूला मालाचे मुख्य दार आणि डाव्या कुशीला एक लहान दार. आपली मते अवश्य द्यावीत.

विजापूर_रोड

कल्पना आवडली. माझा एकच आग्रह आहे. टिटवी ग्रहांवर उतरली पाहिजे. महानौका स्वतः उतरत नसेल आणि तिचे छोटे यानही उतरणार नसेल, तर कथेतली माणसे जमिनीला पाय लावणार कधी? वाचकाला नव्या आकाशाखाली उभे राहायचे असते. ते सुख त्याच्यापासून हिरावून घेऊ नये.

गणिताची_वही

विजापूर_रोड यांची इच्छा योग्यच आहे, पण तिची किंमत आकड्यांत पाहू. रॉकेटचा हिशोब एका गुणोत्तरावर चालतो : वेगात जितका बदल हवा, त्याला ज्वलनवायूंच्या वेगाने भागायचे, आणि २.७१८ या संख्येचा तितका घात घेतला, की इंधनासह वजन रिकाम्या वजनाच्या किती पट असावे ते ठरते. साठवायला सोप्या द्रव इंधनांसाठी हा वायुवेग ढोबळमानाने सेकंदाला ३ किलोमीटर धरता येतो.

माळरान यांच्या आकड्यांनुसार भरलेल्या टिटवीचे वजन १७ टन आणि इंधन संपल्यावर १४ टन. यातून तिला सेकंदाला सुमारे ५८० मीटर इतका वेगबदल मिळतो, तर माल नसताना सुमारे ८६० मीटर. महानौकेभोवती फिरणे, जवळच्या दुसऱ्या नौकेकडे जाणे, लघुग्रहाला टेकून परतणे यासाठी हे भरपूर आहे. पण आपल्या चंद्रावर कक्षेतून उतरायला सेकंदाला साधारण २ किलोमीटर आणि परत चढायला १.९ किलोमीटर लागतात. एकाच यानाने दोन्ही करायचे, तर निघताना त्याच्या वजनाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग इंधनच असेल. लूनार मॉड्यूलने यावर उपाय केला तो असा, की उतरण्याचा खालचा अर्धा भाग चंद्रावरच सोडून दिला. पृथ्वीएवढ्या ग्रहावरून कक्षेत चढायला तर सेकंदाला ९ किलोमीटरहून अधिक वेगबदल हवा. त्यासाठी एकूण वजनाच्या शंभरातले ९५ भाग इंधन होते, आणि उरलेल्या पाच भागांत टाकी, इंजिन, माणसे आणि माल बसवायचा असतो.

तेव्हा टिटवी उतरणारी करायची असेल, तर तिला टिटवी म्हणू नये, ते निराळेच यान आहे. रोजच्या कामाच्या यानावर उतरण्याचे ओझे लादले, तर ते रोजचे कामही धड करणार नाही. कथेत उतरण्यासाठी एक स्वतंत्र यान ठेवावे आणि त्याचा वापर क्वचित, मोठ्या खर्चाचा प्रसंग म्हणून दाखवावा. नव्या आकाशाखाली उभे राहण्याचे सुख त्यामुळे वाढेलच.

विजापूर_रोड

हिशोब पटला. उतरणाऱ्या यानाला स्वतंत्र प्रकरण द्यावे, एवढी विनंती.

कुर्डुवाडीचा_प्रवासी

दाराचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला आपल्याच जिल्ह्यातला आधार आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, २ फूट ६ इंच (७६२ मिलिमीटर). मोठ्या लोहमार्गाला ती कुर्डुवाडीला मिळत असे. त्या स्थानकाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने तिची आखणी करताना आरंभीच एक मर्यादा ठरवून घेतली : कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही. इंजिन असो वा मालडबा, सर्वांना हाच नियम. त्यामुळे हलके रूळ पुरले, आणि त्या हलक्या रुळांवरही त्या मानाने मोठे डबे धावू शकले.

पण या सुंदर आखणीची खरी परीक्षा कुर्डुवाडीलाच होत असे. अरुंद मार्गावरचा डबा रुंद मार्गावर जाऊ शकत नव्हता, म्हणून बार्शीहून आलेला माल तिथे उतरवायचा आणि मोठ्या डब्यांत पुन्हा भरायचा. पोते खांद्यावर घेऊन हमाल एका डब्यातून दुसऱ्यात जात. गाडी कितीही वेगाने आली, तरी माल पुढे केव्हा जाणार हे त्या फलाटावर ठरत असे. टिटवी आणि माळढोक यांचे नाते याच प्रकारचे आहे. टिटवीने दहा मिनिटांत अंतर कापले आणि दारातून माल काढायला चार तास लागले, तर तिचा वेग कोणाच्या कामाचा?

म्हणून माझी सूचना अशी की, दाराचे माप टिटवीच्या सोयीने न ठरवता महानौकेच्या आतल्या मार्गिकांच्या मापावरून ठरवावे. जी पेटी दारातून येते, ती मार्गिकेतून वळणे घेत शेवटच्या खोलीपर्यंत गेली पाहिजे. एकदा ते माप ठरले की सर्व नौकांना, सर्व टिटव्यांना तेच बंधनकारक असावे.

माळरान

प्रवासी साहेब, आपला प्रतिसाद आमच्या कथामालेला थेट उपयोगी पडणार आहे. मापाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे उदाहरण समोर ठेवता येईल. तिथे दोन प्रकारची दारे आहेत. माणसे घेऊन येणारी याने ज्या दाराला जोडली जातात, त्याचा व्यास साधारण ८० सेंटिमीटर आहे. दुसऱ्या प्रकारच्या जोडणीतले चौकोनी दार सुमारे १२७ सेंटिमीटर बाजूचे आहे. स्थानकाच्या भिंतींत प्रयोगांची जी कपाटाएवढी मोठी चौकट बसवतात, ती या मोठ्या दारातूनच आत जाऊ शकते. जपानच्या एचटीव्ही या मालवाहू यानाला हे मोठे दार होते, म्हणून ते अशा चौकटी वाहू शकले.

टिटवीच्या मागच्या दारासाठी मी हेच १२७ सेंटिमीटरचे माप घेतो आणि कुशीचे लहान दार ८० सेंटिमीटरचे ठेवतो.

याला जोडून आणखी एक नियम आम्ही केला आहे : टिटवी जोडलेली असताना तिच्या दारातून एकही तार किंवा नळी ओढायची नाही. यामागे २५ जून १९९७ ची घटना आहे. रशियाच्या ‘मीर’ या अंतराळ स्थानकावर दूरनियंत्रणाने जोडणीचा सराव चालू असताना सुमारे ७ टनांचे ‘प्रोग्रेस’ हे मालवाहू यान ‘स्पेक्टर’ या कक्षावर आदळले आणि कक्षाला भोक पडून हवा निसटू लागली. तो कक्ष तातडीने बंद करायचा होता, पण त्याच्या दारातून विजेच्या तारा गेलेल्या होत्या. कानांना दडे बसत असताना अलेक्झांडर लाझुत्किन आणि मायकेल फोल यांनी काही तारांचे जोड सोडवले, काही कापल्या आणि मग दार लावले. वीज, पाणी आणि हवा यांची जोडणी दाराच्या चौकटीतच, झाकणाच्या बाहेरच्या कडेला असावी, म्हणजे झाकण केव्हाही मोकळेपणाने बंद होईल.

टॉवेलवाला

माझा व्यवसाय टेरी टॉवेलचा आहे. कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. यंत्रशास्त्रात मला फारशी गती नाही, परंतु टिटवीत कापड किती लागेल याचा विचार कोणी केलेला दिसत नाही, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे यानाचे पांघरूण. उपग्रहांवर सोनेरी किंवा चंदेरी चकाकणारे जे आवरण दिसते, ते अनेक अतिशय पातळ थरांचे असते. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये बारीक जाळीचे कापड घालतात, कारण पापुद्रे एकमेकांना टेकले तर उष्णता स्पर्शाने वाहू लागते आणि थरांचा उपयोग उरत नाही. जिथे शिवण जास्त, तिथेही थर दाबले जाऊन उष्णता निसटते. म्हणजे शिवणाऱ्याने टाका कुठे घालायचा आणि कुठे टाळायचा, यावर यानाचे तापमान अवलंबून असते. अशी आवरणे आजही मोठ्या प्रमाणात हातानेच कापून शिवली जातात. टिटवी दिवसातून अनेकदा दाराशी घासणार, तिच्या अंगावर माणसे चढणार, तेव्हा तिचे पांघरूण वारंवार फाटेल. महानौकेवर ते दुरुस्त करणारे शिवणघर हवे. आपण लिहिणार असाल, तर त्या शिवणघरात एक कसबी कारागीर अवश्य असावा, आणि त्याला कथेत मानाचे स्थान द्यावे.

दुसरी गोष्ट, सूक्ष्म उल्कांपासून संरक्षण. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४७ साली सुचवलेली युक्ती अशी की मुख्य भिंतीच्या पुढे काही अंतरावर एक पातळ पत्रा उभा करायचा. वेगाने आलेला कण त्या पत्र्यावर फुटून चूर होतो आणि भिंतीवर त्याचा मारा विखुरला जातो. पुढे या दोहोंच्या मधल्या जागेत सिरॅमिक धाग्याचे नेक्स्टेल आणि मजबूत कृत्रिम धाग्याचे केव्हलर या कापडांचे थर घालण्यात आले. अंतराळ स्थानकाच्या भिंतींत हे विणलेले कापड आजही आहे. माझ्यासारख्या माणसाला याचा किती आनंद होतो, हे वेगळे सांगत नाही.

तिसरी गोष्ट, मालाच्या पिशव्या. वजनरहित अवस्थेत सुटी पेटी धोक्याची असते, कारण वजन नसले तरी तिचा धक्का पूर्णच लागतो. स्थानकावर माल नोमेक्स या आग न धरणाऱ्या कापडाच्या चौकोनी पिशव्यांत जातो. एकेरी पिशवी साधारण अर्धा मीटर लांब असते, आणि मोठ्या पिशव्या तिच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीत असतात. कुर्डुवाडीचा_प्रवासी म्हणतात ती मापाची शिस्त पिशवीपासूनच सुरू व्हावी.

माळरान

टॉवेलवाले साहेब, शिवणघराची कल्पना मी रविवारी पार्क चौकात आमच्या बैठकीत मांडली. ती सर्वांना इतकी आवडली की पुढचे प्रकरण तिथेच घडणार आहे.

परिचारिका_सिव्हिल

एक मुद्दा राहून जात आहे. महानौकेवर अपघात झाला, तर टिटवी ही जीवरक्षक नौका होणार. तेव्हा तिच्यात दोन चालकांव्यतिरिक्त किती जण किती वेळ जगू शकतील, हे आधी ठरवलेले असावे.

अपोलो १३ मोहिमेत, एप्रिल १९७० मध्ये, हेच घडले. मुख्य यानातली प्राणवायूची टाकी फुटली आणि तिघे वीर लूनार मॉड्यूलमध्ये आश्रयाला गेले. ते यान दोघांसाठी, सुमारे दोन दिवसांच्या हिशोबाने सज्ज होते. त्यांना तिथे जवळपास चार दिवस काढावे लागले. प्राणवायू पुरला, पण उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साठू लागला. तो शोषणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे मुख्य यानात भरपूर होते, परंतु ते चौकोनी होते आणि लूनार मॉड्यूलची खाच गोल डब्यांसाठी होती. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, अंतराळ पोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी वापरून त्यांनी जोड तयार केला.

विश्रांतीच्या स्थितीत नसलेल्या माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो, आणि तो साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. आठ माणसे तीन दिवस जगवायची, तर प्राणवायू २० किलोच्या आसपास लागेल. ही काही फार मोठी वस्तू नाही. अवघड काम शोषणाचे आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की टिटवीचे आणि माळढोकचे हवा शुद्ध करणारे डबे एकाच आकाराचे असावेत, आणि ते हातमोजे घातलेल्या हातांनाही बदलता यावेत.

शिवाय रुग्ण स्ट्रेचरवर आडवाच येतो, तो गुडघे दुमडून वळू शकत नाही. मागच्या दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत सरळ रेषेत निदान अडीच मीटर मोकळी जागा राखून ठेवावी आणि तिथे कोणीही कधीही माल रचू नये.

गणिताची_वही

परिचारिकाताईंचा डब्यांचा मुद्दा निर्णायक आहे. अडीच मीटरची मोकळी जागाही आराखड्यात सहज बसते. मालाचा कप्पा ६ मीटर लांब धरला, तर पिशव्या दोन्ही कडांना लावून मधला मार्ग मोकळा ठेवता येतो.

आता जोडणीच्या वेगाविषयी थोडे. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी एकमेकांना जोडले गेले. त्या दिवसांत इथे गड्ड्याची यात्रा चालू होती, आणि होम मैदानाच्या गर्दीतही मी मोबाइलवर तीच बातमी शोधत होतो. मागून येणारा उपग्रह टप्प्याटप्प्याने पुढे सरकत असे : ५ किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५ मीटर, १५ मीटर आणि ३ मीटर. प्रत्येक टप्प्यावर थांबून सारे तपासायचे आणि मगच पुढे जायचे. १२ जानेवारीच्या चाचणीत तर ते ३ मीटरपर्यंत जवळ आले आणि पुन्हा सुरक्षित अंतरावर मागे नेण्यात आले. मागे फिरता येणे ही जोडणीतली सर्वांत मोठी कला आहे. टिटवीच्या चालकाने झोकात येऊन धाडकन दाराशी लागावे, असे दृश्य कृपया लिहू नये. भरलेली टिटवी १७ टनांची आहे. शेवटच्या काही मीटरांत तिचा वेग सेकंदाला काही सेंटिमीटरच असावा. आणि शेवटच्या टप्प्यात थ्रस्टरचा, म्हणजे यान सरकवणाऱ्या छोट्या इंजिनांचा, झोत महानौकेच्या अंगावर जाऊ नये म्हणून ते तिरपे बसवलेले असावेत, नाहीतर टॉवेलवाले साहेबांच्या पांघरुणाच्या चिंध्या होतील.

होटगीकर

सगळी चर्चा दारावर आली आहे, पण दार आत उघडते की बाहेर, हे कोणीच विचारले नाही. आतली हवा दारावर किती जोर लावते, ते पाहावे. समुद्रसपाटीइतका दाब धरला, तर १२७ सेंटिमीटरच्या चौकोनी दारावर सुमारे साडेसोळा टनांचा भार येतो, आणि ८० सेंटिमीटरच्या गोल दारावर पाच टनांहून थोडा अधिक. दार आत उघडणारे असेल, तर हाच भार त्याला चौकटीत घट्ट दाबून ठेवतो आणि कुलपे तुटली तरी ते उघडत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तम.

मात्र २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या जमिनीवरील चाचणीत आग लागली, तेव्हा आतले दार आत उघडणारे होते. आगीने आतला दाब वाढला आणि ते उघडता आले नाही. तिघे अंतराळवीर मृत्यू पावले. त्यानंतरचे दार बाहेर उघडणारे आणि चटकन उघडता येईल असे केले गेले. मग टिटवीचे काय करावे?

माळरान

होटगीकर साहेब, मूळ आराखड्यात हे खरोखरच ठरलेले नव्हते. आपल्या प्रश्नावर आम्ही असा निर्णय घेतला आहे.

मागच्या बाजूला दोन झाकणे असतील, एक टिटवीचे आणि एक माळढोकचे, आणि मध्ये हातभर रुंदीची पोकळी. प्रत्येक झाकण आपापल्या यानाच्या आत उघडेल. जोडणी निसटली आणि पोकळीतली हवा गेली, तर दोन्हीकडचा दाब आपापले झाकण चौकटीवर दाबून धरेल. ‘मीर’वरही शेवटी हेच उपयोगी पडले. स्पेक्टरचे स्वतःचे झाकण वाहत्या हवेमुळे लागत नव्हते, तेव्हा त्यांनी अलीकडच्या बाजूने एक हलके झाकण दाराशी धरले आणि दाबानेच ते जागेवर बसवले.

कुशीचे ८० सेंटिमीटरचे दार मात्र बाहेर उघडेल, आणि त्याची सर्व कुलपे एकाच दांड्याने सुटतील. तो दांडा एरवी खिळीने अडवलेला असेल आणि ती खिळी केवळ महानौकेच्या गोदीत, बाहेर हवा असताना काढली जाईल. तिथे आग लागली, तर माणसे बाहेर पडू शकतील. निर्वातात ते दार चुकून उघडणार नाही.

एक प्रश्न उरतो. पोकळीतला दाब समान करणारी लहान झडप टिटवीच्या झाकणात बसवावी, की माळढोकच्या?

परिचारिका_सिव्हिल

दोन्हीत बसवावी, आणि दोन्ही झडपा हाताने फिरवता याव्यात. टिटवीतले सर्व जण बेशुद्ध असतील, तर माळढोकमधल्या माणसाला बाहेरून पोकळीत हवा भरता आली पाहिजे, आणि माळढोकची वीज गेली असेल, तर टिटवीतल्या माणसाला. प्रत्येक झाकणाच्या दोन्ही अंगांना दाबमापकाची तबकडीही हवी. पलीकडे हवा आहे की नाही हे न पाहता कोणीही दांड्याला हात लावता कामा नये.

माळरान

मान्य. दोन झडपा, चार तबकड्या. सुधारित आराखडा याच धाग्यावर टाकतो.